एकाच वर्षातली दोन नाटकं: सफदर हाश्मी आणि त्यांची छोटीशी नाटक मंडळी

सफदर हाश्मींचं नाव निघालं की बहुतेकांना त्यांचा मृत्यूच आठवतो. साहिबाबादच्या कामगार वस्तीत पथनाट्य सुरू असताना झालेला हल्ला, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलेला जीव आणि अवघं चौतीस वर्षांचं वय. वर्तमानपत्रांत दर जानेवारीत हीच गोष्ट छापून येते. पण मृत्यूच्या आधीच्या वर्षात, म्हणजे १९८८ मध्ये, हा माणूस काय करत होता हे फारसं कुणी सांगत नाही. त्या एका वर्षात त्यांच्या छोट्याशा मंडळीने दोन नाटकं उभी केली. एक जुन्या बनारसचं, हसवणारं, गाण्यांचं, पडदा आणि दिवे लागणारं. दुसरं कारखान्याच्या फाटकासमोर, उन्हात, माइकशिवाय करायचं. दोन्हींत नट जवळपास तेच. नोकरी-कॉलेज सांभाळून संध्याकाळी तालमीला येणारे. सफदर यांना समजून घ्यायचं तर ते वर्ष नीट बघायला हवं, असं मला वाटतं.

त्याआधी थोडं घरचं.

सफदर यांचा जन्म १२ एप्रिल १९५४ चा, दिल्लीतला. अब्बा हनीफ हाश्मी, अम्मी कमर आज़ाद हाश्मी. बालपण काही अलीगढमध्ये गेलं, काही दिल्लीत. घर डाव्या विचारांचं होतं, आणि पुस्तकांचं. पैशाची मात्र ओढाताण असायची. अम्मी शिक्षणाच्या क्षेत्रात काम करायच्या. पुढे त्यांनी आपल्या मुलाचं चरित्र लिहिलं, ‘पाँचवाँ चिराग’ या नावाने. आईने मुलाचं चरित्र लिहायची वेळ कुणावर येऊ नये, पण ते पुस्तक वाचण्यासारखं आहे. त्यात रडारड कमी आणि हिशेब जास्त आहे: मुलगा कसा वाढला, काय वाचायचा, कशावर चिडायचा.

सफदर सेंट स्टीफन्स कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकले आणि दिल्ली विद्यापीठातून एम.ए. झाले. त्या कॉलेजातून बाहेर पडलेली मुलं मोठ्या सरकारी हुद्द्यांवर जायची किंवा परदेशी. सफदर मात्र विद्यार्थी चळवळीत गेले आणि तिथून इप्टामध्ये. इप्टा, म्हणजे भारतीय जननाट्य संघ, ही संस्था १९४३ मध्ये आपल्या मुंबईतच स्थापन झालेली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक त्याच काळातलं. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल हे शाहीर अमर शेख म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले. डफ घेऊन ते गिरण्यांच्या फाटकावर उभे राहायचे. आपल्या घरांमध्ये नाटक-तमाशा म्हटलं की आजही काही भुवया वर जातात, पण मराठी मुसलमानाच्या घरातून निघालेला हा एवढा मोठा आवाज आपल्याच मातीतला आहे, हे विसरून चालणार नाही. सफदर यांचा वारसा दिल्लीचा असला तरी त्याची एक मुळी अशी परळ-लालबागेत सापडते.

१९७३ मध्ये सफदर आणि त्यांच्या मित्रांनी इप्टातून बाहेर पडून स्वतःची मंडळी काढली. नाव ठेवलं जन नाट्य मंच. सगळे तिला ‘जनम’ म्हणतात. सफदर तेव्हा एकोणीस वर्षांचे होते.

सुरुवातीला जनम पथनाट्य करत नव्हती, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. तात्पुरता रंगमंच उभारायचा, पडदे लावायचे, पूर्ण लांबीचं नाटक करायचं आणि ते मोठ्या जमावापुढे, गावात आणि वस्तीत न्यायचं, असा त्यांचा धाट होता. १९७५ मध्ये इंदिरा गांधींच्या निवडणुकीचा खटला गाजत होता तेव्हा ‘कुर्सी, कुर्सी, कुर्सी’ नावाचं छोटं नाटक मात्र त्यांनी बोट क्लबच्या हिरवळीवर आठवडाभर केलं. एका राजाची गोष्ट. त्याला सिंहासन सोडायचं असतं, पण तो उठला की सिंहासनही त्याच्यासोबत उठतं. मग आणीबाणी लागली. राजकीय नाटकाला जागाच उरली नाही. सफदर यांनी त्या काळात गढवाल, काश्मीर आणि दिल्ली इथे इंग्रजी शिकवलं.

आणीबाणी उठल्यावर मंडळी परत जमली तेव्हा अडचण पैशाची होती. जनमची नाटकं ठेवायच्या त्या कामगार संघटना आणि किसान सभा. त्यांच्याकडेच पैसा उरला नव्हता. रंगमंच, दिवे, ट्रक, माणसांचं जेवणखाण हा खर्च कोण करणार? मोठं नाटक परवडत नसेल तर छोटं न्यावं, एवढा साधा विचार त्यातून निघाला. पथनाट्य हे काही परदेशी पुस्तकं वाचून आलेलं खूळ नव्हतं. खिशात हात घातला, काही लागलं नाही, म्हणून ते सुरू झालं.

पहिलं नाटक होतं ‘मशीन’, १९७८ चं. गाझियाबादजवळच्या एका कारखान्यात कामगारांच्या मागण्या दोनच होत्या: सायकली ठेवायला स्टँड आणि चहाला कँटीन. तेवढ्यावरून वाद पेटला, पहाऱ्यावरच्या लोकांनी गोळ्या झाडल्या आणि सहा कामगार ठार झाले. सायकल स्टँड आणि चहा! सफदर आणि त्यांचे सहकारी राकेश सक्सेना यांनी त्यावर नाटक लिहिलं. पाच-सहा नट एकमेकांना जोडून उभे राहतात आणि अंगाच्या हालचालींनी, तोंडाच्या आवाजांनी एक यंत्र तयार करतात. यंत्र चालतं, चालतं आणि एकदम बंद पडतं. का बंद पडलं हे सूत्रधार विचारतो, मग त्या यंत्रातूनच कामगार बाहेर येतो, मालक येतो, पहारेकरी येतो. सगळा खेळ तेरा मिनिटांचा. २० नोव्हेंबर १९७८ ला दिल्लीत कामगारांचा मेळावा होता, तिथे लाखाहून जास्त लोकांसमोर हे नाटक झालं. देशभरातून आलेल्या कामगारांपैकी काहींनी ते टेपरेकॉर्डरवर टिपून घेतलं, गावी नेलं आणि आपापल्या भाषेत केलं. कुणी परवानगी मागितली नाही आणि जनमने कुणाला अडवलंही नाही.

त्यानंतर नाटकांची रांगच लागली. शेतातून शहरात ढकलल्या गेलेल्या माणसावर ‘गाँव से शहर तक’. बेकारीवर ‘तीन करोड़’. दिल्लीत बसभाडं वाढलं तेव्हा ‘डीटीसी की धांधली’, जे काही तासांत रचलं आणि लगेच बसस्टॉपवर करायला घेतलं. १९७९ मध्ये ‘औरत’. त्यातली बाई कधी कामगार असते, कधी बायको, कधी कॉलेजात जाणारी मुलगी. ती भूमिका मोलोयश्री करायच्या. सफदर आणि मोलोयश्री यांचा विवाहही त्याच वर्षीचा.

या यादीतलं एक नाटक आपल्या वाचकांसाठी मुद्दाम वेगळं काढून सांगतो. त्याचं नाव ‘हत्यारे’. अलीगढच्या दंगलींवरचं. ज्या शहरात सफदर लहानाचे मोठे झाले, तिथेच घरं जळत होती. अलीगढ कुलुपांचं शहर. कुलपं बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत हिंदू कारागीर आहेत तसे मुसलमानही. दंगल झाली की कुणाचा धंदा बसतो आणि कुणाचा वर येतो, हा प्रश्न या नाटकाने विचारला. दंगलीचं दुःख सांगणारी नाटकं पुष्कळ असतात. दंगलीचा जमाखर्च मांडणारी कमी. पुढे ऐंशीच्या दशकात त्यांनी ‘अपहरण भाईचारे का’ केलं. त्यात भाईचारा हेच एक पात्र आहे आणि त्याला पळवून नेलं जातं.

सफदर धार्मिक नव्हते, कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते होते, हे लपवण्याचं कारण नाही. काही वाचकांना ते रुचणार नाही. पण मुसलमान नावाचा एक तरुण मुसलमानांची कैफियत घेऊन फक्त मुसलमानांपुढे गेला नाही, तो ती गाझियाबादच्या सगळ्या जातिधर्मांच्या कामगारांपुढे घेऊन गेला आणि त्यांनी ती ऐकून घेतली. हे आजच्या दिवसांत जास्तच लक्षात राहतं.

पोटासाठी त्यांनी काही काळ पीटीआय वृत्तसंस्थेत आणि ‘इकॉनॉमिक टाइम्स’मध्ये पत्रकारिता केली. नंतर पश्चिम बंगाल सरकारचे दिल्लीतले माहिती अधिकारी होते. नोकरी चांगली होती. १९८४ मध्ये ती सोडली आणि पूर्णवेळ याच कामाला लागले. मुलांसाठी कविता लिहिल्या, चित्रं काढली, दूरदर्शनसाठी मालिका लिहिल्या. त्यांची पुस्तकांवरची कविता आजही अनेक शाळांच्या वाचनालयांत भिंतीवर दिसते, आणि ती कुणाची हे पुष्कळ मास्तरांनाही ठाऊक नसतं. साक्षरता मोहिमेत गाजलेलं एक गीतही त्यांचंच.

आता येऊ १९८८ कडे.

तोपर्यंत जनमच्या नावावर दोन डझन पथनाट्यं आणि त्यांचे काही हजार प्रयोग झाले होते. पण सफदर यांना एक गोष्ट आतून खात होती. दिल्लीत मंडी हाऊसच्या आसपास नाटकवाल्यांची जी दुनिया आहे, तिथे पथनाट्याला नाटक मानायलाच कुणी तयार नव्हतं. घोषणा आणि आरडाओरड, असं म्हणून लोक सोडून द्यायचे. उलट पथनाट्य करणाऱ्यांत एक गट असा होता की बंद नाट्यगृहात पाय टाकणं म्हणजे पैसेवाल्यांना शरण जाणं, असं त्यांना वाटायचं. सफदर यांना दोन्ही म्हणणी पटत नव्हती. त्यांनी त्यावर लेख लिहिले, वाद घातले. रस्ता आणि रंगमंच यांच्यात मुळात भांडण नाही, दोन्ही लोकांचेच आहेत, कुठली गोष्ट कुठे सांगायची एवढाच प्रश्न आहे, असं त्यांचं मत होतं. पाचेक वर्षांपूर्वी त्यांनी गॉर्कीच्या ‘एनिमीज’ या नाटकाचं हिंदी रूपांतर केलं होतं. मोठं नाटक त्यांच्या मनातून कधी गेलंच नव्हतं.

त्यात आणखी एक अडचण होती, ती मंडळीच्या आतली. वर्षानुवर्षं रस्त्यावर काम करणारा नट मोठ्याने बोलायला शिकतो, गर्दीला धरून ठेवायला शिकतो, पण हळू बोलायचं कसं, थांबायचं कसं, एका पात्रात दोन तास राहायचं कसं, हे विसरतो किंवा शिकतच नाही. कुणीतरी उस्ताद हवा होता. त्यांनी हबीब तनवीर यांना गाठलं.

हबीबसाहेबांविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. रायपूरचे. सफदर ज्या वर्षी जन्मले त्याच १९५४ सालात त्यांनी दिल्लीच्या जामिया मिलियात ‘आगरा बाज़ार’ उभं केलं होतं, जामियाची मुलं आणि ओखल्याचे गावकरी घेऊन. नज़ीर अकबराबादींच्या शायरीवरचं ते नाटक. पुढे १९५९ मध्ये त्यांनी नया थिएटर काढलं, छत्तीसगढच्या लोककलावंतांना घेऊन ‘चरणदास चोर’ केलं आणि ते जगभर फिरलं. तेव्हा पासष्टीला आलेला हा माणूस जनमच्या हौशी पोरांना शिकवायला आला. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण आणि मराठीत तालीम म्हणजे नाटकाचा सराव किंवा पहिलवानांचा आखाडा. त्या वर्षी जनममध्ये या तिन्ही अर्थांनी तालीम चालू होती, असं म्हणायला हरकत नाही.

नाटक निवडलं ते प्रेमचंदांच्या ‘सत्याग्रह’ या कथेवरचं. हबीबसाहेब आणि सफदर यांनी मिळून ते लिहिलं, दिग्दर्शन हबीबसाहेबांचं. नाव ‘मोटेराम का सत्याग्रह’.

कथा इंग्रज अमदानीतली. व्हाइसरॉय बनारसला येणार आहेत. सरकारी अधिकारी स्वागताच्या तयारीत, आणि काँग्रेसने त्याच दिवशी शहरात हरताळ पुकारलेला. बाजार बंद राहिला तर साहेबापुढे नाक कापलं जाणार. मग शहरातले बडे लोक एकत्र बसतात. त्यात राजे आहेत, रायसाहेब आहेत, तसे एक खानबहादुर मौलवीही आहेत. प्रेमचंदांनी कुणाला वगळलं नाही. सत्तेपुढे वाकायची वेळ आली की पगडी आणि टोपी शेजारी शेजारी बसतात, हे त्यांनी बरोबर टिपलं. हे लोक युक्ती काढतात: पंडित मोटेराम शास्त्रींना हरताळाविरुद्ध आमरण उपोषणाला बसवायचं. ब्रह्महत्येच्या भीतीने दुकानदार दुकानं उघडतील. पंडितजी पैसे ठरवून तयार होतात. अडचण एकच. पंडितजी अत्यंत खादाड. सगळी गंमत तिथून सुरू होते, आणि उपोषणाचं काय होतं हे वेगळं सांगायला नको.

आता बघा, हे नाटक १९८८ मध्ये का? शाहबानो प्रकरणाला दोन-तीन वर्षं झाली होती. १९८६ मध्ये बाबरी मशिदीचं कुलूप उघडलं गेलं होतं. आधी एका बाजूच्या धर्मवाल्यांना खूश करायचं, मग दुसऱ्या बाजूच्या, असा खेळ सगळा देश बघत होता. अशा वेळी धर्माची भीती दाखवून लोकांची एकजूट मोडायला सरकार एका पोटभरू पंडिताला हाताशी धरतं, ही साठेक वर्षं जुनी गोष्ट प्रेक्षकांना जुनी वाटलीच नसणार. मला या निवडीचं कौतुक वाटतं ते यासाठी की त्यांनी चिडून भाषण दिलं नाही. लोकांना पोट धरून हसायला लावलं. जो माणूस दंगलीवर ‘हत्यारे’ लिहू शकतो, त्यालाच धर्माच्या बाजारावर असं हसताही येतं.

काम मात्र जड होतं. कपडे, वाद्यं, गाणी, दिवे, नाट्यगृहाचं भाडं, तिकिटं. रस्त्यावर नाटक संपलं की चादर फिरवायची, चार आणे-आठ आणे पडतात, काम भागतं. इथे हिशेबाची वही लागते. बिनपगारी, फावल्या वेळात काम करणाऱ्या मंडळीला हे झेपवणं सोपं नव्हतं. पण नाटक झालं, चाललं आणि जनमच्या नटांना आपण हेही करू शकतो असा भरवसा आला.

तेवढ्यात शरद ऋतू आला आणि संपाची हाक आली.

दिल्ली आणि भोवतालच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कामगारांचा सात दिवसांचा संप ठरला, २२ ते २८ नोव्हेंबर १९८८. पुढाकार सिटू या कामगार संघटनेचा. मुख्य मागणी होती किमान वेतन महिना १,०५० रुपये व्हावं ही. ज्यांनी त्या काळी घर चालवलंय त्यांना हा आकडा लगेच कळेल. हे कामगार बहुतेक लहान-लहान कारखान्यांतले, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले, हजेरीपटावर नाव नसलेले. त्यांना एका जागी गोळा करणं अवघड, मग नाटक त्यांच्याकडे जायला हवं. जनमने ‘चक्का जाम’ बसवलं आणि संपाआधीच्या दिवसांत वस्त्यांमधून, फाटकांसमोर त्याचे धडाधड प्रयोग केले.

हे दुसरं नाटक. पहिल्याच्या अगदी उलट. तिथे गेलेला काळ, इथे येणारा आठवडा. तिथे प्रेक्षक अंधारात खुर्चीत, इथे जेवणाच्या सुट्टीत डबा हातात धरून उभा. तिथे चूक झाली तर पडद्यामागे सावरता येतं, इथे पडदाच नाही. गोल करून उभं राहायचं, प्रेक्षक चारी बाजूंनी, त्यामुळे पाठ कुणाकडे तरी असतेच. म्हणून सतत वळत राहायचं, आवाज पोटातून काढायचा. आणि तरी, ज्यांनी दोन्ही नाटकांचा विचार केला त्यांना जाणवेल की हबीबसाहेबांच्या हाताखालची मेहनत या दुसऱ्या नाटकाच्या कामी आली. त्यात विनोद आहे, गाणं आहे, नाटकातच एक पोलीस नाटक बंद पाडायला येतो असा प्रसंग आहे. निव्वळ मागण्यांची यादी वाचून दाखवलेली नाही.

संप मोठा झाला. लाखो कामगार सामील झाले. त्यानंतर जनमने तेच नाटक बदलून, संपाचा अनुभव त्यात घालून नवीन केलं आणि त्याला नाव दिलं ‘हल्ला बोल’.

डिसेंबर संपत आला होता. गाझियाबादला नगरपालिकेच्या निवडणुका होत्या. मार्क्सवादी पक्षाचे एक उमेदवार कामगारांमधूनच उभे होते, त्यांच्यासाठी साहिबाबादच्या औद्योगिक वसाहतीतल्या झंडापूर गावात ‘हल्ला बोल’चा प्रयोग ठरला. तारीख १ जानेवारी १९८९. रविवार होता. सकाळी अकराच्या सुमारास नाटक सुरू झालं. थंडीचं ऊन, सुट्टीचा दिवस, बायका-मुलंही बघायला आलेली.

नाटक सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, तेव्हा काँग्रेसचा पाठिंबा असलेल्या उमेदवाराची मिरवणूक तिथे आली. त्यांना त्याच वाटेने जायचं होतं. सफदर यांनी पुढे होऊन विनंती केली की नाटक संपेपर्यंत थांबा किंवा दुसऱ्या वाटेने जा. उत्तर म्हणून लोखंडी सळया आणि बंदुका बाहेर निघाल्या. राम बहादूर नावाचा एक नेपाळी कामगार तिथेच गोळी लागून मेला. तो नाटक बघायला आलेला होता. त्याच्या घरच्यांना पुढे काय भोगावं लागलं असेल याचा विचार मनात येतो, कारण सफदर यांच्यावर पुस्तकं निघाली, राम बहादूर यांचं नाव मात्र दर वेळी दुसऱ्या क्रमांकावरच येतं.

नट जवळच्या सिटूच्या कार्यालयाकडे पळाले. हल्लेखोर मागोमाग आले. बाकीच्यांना मागच्या बाजूने निसटता यावं म्हणून सफदर दरवाजा धरून उभे राहिले. मोलोयश्री आणि इतर वाचले. सफदर यांना बाहेर ओढून डोक्यावर सळयांनी मारलं. आधी जवळच्या आणि मग दिल्लीच्या राममनोहर लोहिया दवाखान्यात नेलं, पण शुद्ध परत आली नाही. २ जानेवारीच्या रात्री त्यांचं निधन झालं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण समाजमाध्यमांवर अधूनमधून चुकीचं फिरत असतं. हा खून धर्मावरून झाला नव्हता. मारणाऱ्यांना सफदर यांच्या नावाशी घेणंदेणं नव्हतं, त्यांच्या मागण्यांशी आणि त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या कामगारांशी होतं. जे जसं घडलं तसंच सांगायला हवं.

३ जानेवारीला दिल्लीत अंत्ययात्रा निघाली. हजारो लोक चालत होते. मोठे नट, लेखक, चित्रकार, आणि त्यांच्याच शेजारी ओखला-साहिबाबादचे कामगार. मंडी हाऊसवाले आणि कारखान्याच्या फाटकावरचे. आयुष्यभर ज्या दोन दुनियांना जोडायचा सफदर यांचा खटाटोप होता, त्या दोन्ही त्या दिवशी एका रस्त्यावर आल्या.

आणि ४ जानेवारी. नवरा जाऊन दोन दिवसही पुरते झाले नव्हते. आपल्याकडे इद्दतचे दिवस, घरात बसणं, भेटायला येणाऱ्यांच्या रांगा. मोलोयश्री जनमच्या मंडळींना घेऊन झंडापूरला गेल्या, त्याच जागी, आणि अर्धवट राहिलेलं ‘हल्ला बोल’ पूर्ण केलं. त्या स्वतः त्यात उभ्या राहिल्या. हजारो कामगार बघायला आले होते. कुणी याला निष्ठुरपणा म्हणेल, कुणी हिंमत. मी एवढंच म्हणेन की नाटक करणाऱ्या बाईने आपल्या पद्धतीने मातम केला.

त्यानंतरच्या गोष्टी थोडक्यात. त्याच जानेवारीत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात शबाना आज़मी यांनी मंचावरून सरकारच्या लोकांसमोर निषेध वाचून दाखवला. फेब्रुवारीत लेखक-कलावंतांनी ‘सहमत’ ही संस्था काढली. भीष्म साहनी तिचे पहिले अध्यक्ष. बाबरीच्या आधी आणि नंतर सांप्रदायिकतेविरुद्ध कलावंतांना एकत्र आणण्याचं मोठं काम तिने केलं. आपल्या पंढरपूरचे मकबूल फिदा हुसेन यांनी सफदर यांच्या स्मरणार्थ चित्र काढलं. १२ एप्रिल, त्यांचा जन्मदिवस, पथनाट्य दिन म्हणून पाळला जाऊ लागला आणि पहिल्याच वर्षी देशभर हजारो पथनाट्यं झाली. महाराष्ट्रातही गावोगाव पोरं चौकात उभी राहिली.

खटला मात्र रखडत राहिला. साक्षीदार कामगार होते, त्यांना रोजंदारी बुडवून कोर्टाच्या तारखांना जायचं होतं. नोव्हेंबर २००३ मध्ये, जवळजवळ पंधरा वर्षांनी, गाझियाबादच्या न्यायालयाने मुख्य आरोपीसह दहा जणांना दोषी ठरवलं आणि जन्मठेप दिली. अम्मी तेव्हा हयात होत्या. त्या २०१३ मध्ये गेल्या.

जनमचं काय झालं, असं कुणी विचारेल. मंडळी मोडली नाही. सफदर नसताना तिने दोन्ही तऱ्हेची नाटकं चालू ठेवली, रस्त्यावरची आणि रंगमंचावरची. यात एक मराठी धागाही आहे. त्या १ जानेवारीला झंडापूरमध्ये जनमच्या नटांत सुधन्वा देशपांडे हा तरुण होता, मराठी नाटककार गो. पु. देशपांडे यांचा मुलगा. त्याने पुढे त्या दिवसावर आणि सफदर यांच्या आयुष्यावर ‘हल्ला बोल’ याच नावाचं पुस्तक लिहिलं, ते २०२० मध्ये आलं. आणि १९९२ मध्ये, अयोध्येत वातावरण तापलेलं असताना, जनमने दिल्लीत रंगमंचावर जे मोठं नाटक केलं ते होतं गो. पुं.चं ‘सत्यशोधक’, महात्मा फुल्यांच्या आयुष्यावरचं. दिग्दर्शन सुधन्वाचं.

झंडापूरला दर वर्षी १ जानेवारीला जनमची माणसं अजूनही जातात. थंडी असते, धुकं असतं. वस्तीतली लहान मुलं सगळ्यात पुढे येऊन मातीत बसतात, नट गोल करून उभे राहतात आणि नाटक सुरू होतं.